लुकलुकत्या प्रकाशावरून पिकाच्या पाण्याचा हिशोब



उन्हाळ्यात दुपारी नांगरलेल्या रानाच्या एका बांधावर उभे राहून पलीकडच्या बांधावरील बाभळीकडे पाहिले, तर तिचे खोड वाहत्या पाण्यातून पाहावे तसे थरथरताना दिसते. बाभूळ जागच्या जागी असते. थरथरते ती आपल्या डोळ्यापासून बाभळीपर्यंतची हवा. रात्री चांदण्या लुकलुकतात त्यामागेही हेच कारण आहे. (मृगजळाची गोष्ट थोडी वेगळी आहे. तेथे तापलेल्या जमिनीलगतच्या थरामुळे प्रकाशकिरण वाकून वर येतो व आकाशाचे प्रतिबिंब जमिनीवर पडल्यासारखे दिसते. हवेच्या थरथरीमुळे ते प्रतिबिंब हलते, इतकाच या दोहोंचा संबंध.)

ही थरथर मोजून त्या रानातून हवेत किती उष्णता जात आहे हे सांगता येते. उष्णता किती गेली हे कळले की पिकाने दिवसभरात किती पाणी वापरले याचाही हिशोब मांडता येतो. या कामासाठी प्रकाशावर चालणारी उपकरणे गेल्या काही दशकांत तयार झाली. अलीकडे त्यांच्या जोडीला दाखल्यांवरून शिकणारे संगणक, म्हणजे ज्याला मशीन लर्निंग म्हणतात ते तंत्रही आले आहे. हे उपकरण आपल्यापैकी कोणी विकत घ्यावे असा या लेखाचा हेतू नाही, ते संशोधन केंद्रांच्याच आवाक्यातले आहे. परंतु मोबाईलवर ‘आज आपल्या पिकास इतके मिलिमीटर पाणी द्या’ असा सल्ला येतो, तेव्हा त्यामागे अशाच प्रकारची मोजमापे व गणिते असतात. तो आकडा कोठून येतो आणि कोठे फसू शकतो, हे पाणी देणाऱ्याला माहीत असलेच पाहिजे.

हवा का थरथरते?

सूर्य जमीन तापवतो आणि जमीन आपल्यालगतची हवा तापवते. तापलेली हवा हलकी होऊन वर उठते आणि तिच्या जागी वरची थंड हवा खाली येते. ही ये-जा संथपणे होत नाही. लहान-मोठे भोवरे उठतात, मोठा भोवरा फुटून लहान होतात, लहान फुटून आणखी लहान होतात आणि शेवटी मिलिमीटरभर आकाराचे होऊन विरून जातात. या खळबळीस शास्त्रीय भाषेत प्रक्षोभ म्हणतात. रशियन गणितज्ञ कोल्मोगोरोव्ह यांनी १९४१ साली मोठ्या भोवऱ्यांतून लहान भोवरे होण्याचा नियम मांडला, आणि आजची सर्व प्रकाशीय मोजमापे त्याच पायावर उभी आहेत.

भोवऱ्यांमध्ये काही गरम तर काही थंड हवेचे असतात. गरम हवा विरळ असल्याने तिच्यातून प्रकाश किंचित कमी वाकतो. हा फरक फारच सूक्ष्म आहे. हवेचा वक्रीभवनांक समुद्रसपाटीला सुमारे १.०००३ असतो व तापमान एक अंश सेल्सिअसने बदलले तर त्यात जवळजवळ दहा लाखांत एक भाग इतकाच बदल होतो. पण प्रकाशकिरण किलोमीटरभर अशा हजारो भोवऱ्यांमधून जातो, तेव्हा प्रत्येक भोवरा लहानशा भिंगाप्रमाणे वागतो. त्यामुळे पलीकडच्या टोकाला प्रकाश कधी एकवटतो, कधी पांगतो. हेच लुकलुकणे होय.

हे डोळ्यांनी पाहायचे असल्यास एक सोपा प्रयोग आहे. बांधावर तीन-चारशे मीटर अंतरावर एक चांगली बॅटरी छातीइतक्या उंचीवर घट्ट बांधून पेटती ठेवावी व दुर्बिणीतून तिच्याकडे दुपारी एक वाजता आणि पुन्हा सूर्यास्तापूर्वी अर्ध्या-पाऊण तासाने पाहावे. (दुर्बीण सूर्याकडे मुळीच वळवू नये, डोळा कायमचा जाऊ शकतो.) दुपारी दिवा उकळल्यासारखा दिसतो. संध्याकाळी एक वेळ अशी येते की तो अगदी शांत, रेखीव दिसतो, आणि अंधार पडल्यावर पुन्हा लुकलुकू लागतो. विद्यार्थ्यांना मी हा प्रयोग करायला लावतो. बहुतेकांना दुपारची थरथर अपेक्षित असते, संध्याकाळची शांतता मात्र अनपेक्षित असते. या शांत क्षणाचे महत्त्व पुढे येईलच.

उपकरणाची रचना

या उपकरणास सिंटिलोमीटर म्हणतात. शेताच्या एका बाजूस प्रकाश सोडणारा भाग व दुसऱ्या बाजूस तो पकडणारा भाग, असे दोन नळे मजबूत खांबांवर समोरासमोर बसवतात. प्रकाश डोळ्यांना न दिसणारा, अवरक्त पट्ट्यातला असतो. तो ठराविक लयीत चालू-बंद केला जातो, त्यामुळे पकडणाऱ्या भागास सूर्यप्रकाश वेगळा काढून टाकता येतो. पोहोचणाऱ्या प्रकाशाची तीव्रता सेकंदात अनेकदा मोजली जाते व ती किती वर-खाली होते यावरून प्रक्षोभाचा जोर काढतात.

सुरुवातीची उपकरणे बारीक झोताची होती. त्यांत अडचण अशी की अंतर वाढले व ऊन तापले की लुकलुकणे एका मर्यादेनंतर वाढतच नाही. भांडे काठोकाठ भरले की त्यात आणखी किती पाणी ओतले हे कळत नाही, तसेच. १९७८ साली अमेरिकेतील बोल्डर येथील वांग, ऑक्स व क्लिफर्ड या शास्त्रज्ञांनी रुंद भिंगाचे उपकरण मांडून ही अडचण दूर केली. साधारण १५ सेंटिमीटर व्यासाच्या भिंगावर बारीक भोवऱ्यांचा परिणाम आपोआप सरासरीत मिसळून जातो आणि उपकरण भिंगाएवढ्या आकाराच्या भोवऱ्यांना प्रतिसाद देते. अशी उपकरणे काहीशे मीटरपासून चार-साडेचार किलोमीटरपर्यंत काम करतात.

शेतीच्या दृष्टीने खरा फायदा येथे आहे. हवामान केंद्रातील थर्मामीटर एका जागेचे तापमान सांगतो. बाष्पीभवन पात्र (१२०.७ सेंटिमीटर व्यासाचे, २५ सेंटिमीटर खोलीचे) त्या पात्रातील पाण्याचेच बाष्पीभवन सांगते. लायसिमीटर अचूक असतो, पण तो काही चौरस मीटर पिकाचाच. प्रकाशाचा झोत मात्र शेजारी-शेजारी असलेल्या दहा-वीस शेतकऱ्यांच्या वेगवेगळ्या पिकांवरून जातो व सर्वांची मिळून सरासरी देतो. नेदरलँड्समधील फ्लेवोलँड या समुद्र हटवून मिळवलेल्या प्रदेशात १९९८ साली असा एक मोठा प्रयोग झाला. तेथे साखर बीट, बटाटा, गहू आणि कांदा यांचे तुकडे शेजारी-शेजारी होते. प्रत्येक पिकात स्वतंत्र उपकरणे लावून मिळालेल्या आकड्यांची सरासरी व वरून जाणाऱ्या प्रकाशझोताने दिलेला आकडा यांचा चांगला मेळ बसला. आपल्याकडे तर एकाच गटात ऊस, कांदा, हरभरा व पडीक रान असे सारे असते. त्यामुळे अशी सरासरी देणारी पद्धत आपल्या तुकड्या-तुकड्यांच्या शेतीला जास्त उपयोगी आहे असे माझे मत आहे.

उपकरण बसवताना मात्र निष्काळजीपणा चालत नाही. गणितात दोन टोकांमधील अंतराचा घन येतो, म्हणून अंतर मोजण्यात एक टक्का चूक झाली तर उत्तरात तीन टक्के चूक होते. खांब वाऱ्याने हलला तर उपकरणास ते लुकलुकणेच वाटते. झोताच्या मध्यभागाचा परिणाम सर्वांत जास्त व टोकांचा सर्वांत कमी असतो, तेव्हा मध्यावर विहिरीचे तळे किंवा डांबरी रस्ता येत असेल तर आकडा शेताचा राहत नाही. उसासारखे पीक तीन मीटर व त्याहून उंच वाढते. पीक वाढले की झोताची पिकापासूनची उंची कमी होते, ती वेळोवेळी हिशोबात धरावी लागते. आणि पाऊस किंवा दाट धुके आले की झोतच तुटतो, त्यामुळे पावसाळ्यातील नोंदींत भोके पडतात.

उष्णतेवरून पाण्याकडे

आता हिशोब. शेताला सूर्याकडून मिळणारी ऊर्जा, परत जाणारी वजा करून, ही जमेची बाजू. खर्चाच्या बाजूस मुख्य तीन रकमा: जमीन तापवणे, हवा तापवणे आणि पाण्याची वाफ करणे. जमा रक्कम प्रारणमापकाने मोजतात, जमिनीत गेलेली रक्कम मातीत पुरलेल्या पट्टीने मोजतात, हवेला दिलेली रक्कम सिंटिलोमीटर सांगतो. उरेल ती वाफेची, म्हणजे पिकाने वापरलेल्या पाण्याची.

समजा, एका दिवशी प्रत्येक चौरस मीटरवर १५ मेगाज्यूल ऊर्जा जमा झाली. त्यातील १ जमिनीत व ४ हवेत गेली. उरली १०. एक लिटर पाण्याची वाफ होण्यास सुमारे २.४५ मेगाज्यूल लागतात आणि एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी म्हणजे एक मिलिमीटर. तेव्हा १० भागिले २.४५, म्हणजे सुमारे ४.१ मिलिमीटर पाणी गेले. एका एकरात एक मिलिमीटर म्हणजे जवळजवळ ४,०५० लिटर, म्हणून एकरी सुमारे साडेसोळा हजार लिटर.

येथपर्यंत सगळे सरळ वाटते. पण या पद्धतीत एक मोठी मेख आहे आणि ती आपल्या उन्हाळी बागायतीला नेमकी लागू पडते.

लुकलुकण्यावरून उष्णता किती जात आहे हे कळते, ती कोणत्या दिशेने जात आहे हे कळत नाही. जमीन गरम व हवा थंड असली तरी प्रकाश लुकलुकतो, जमीन थंड व हवा गरम असली तरीही लुकलुकतो. रात्री आपला बॅटरीचा दिवा पुन्हा लुकलुकू लागतो तो याचमुळे. मधल्या शांत क्षणी उष्णतेची दिशा उलटते. असा क्षण साधारणपणे सूर्योदयानंतर थोड्या वेळाने व सूर्यास्तापूर्वी थोडा वेळ, असा दिवसातून दोनदा येतो. म्हणून बरेच जण सोयीसाठी ‘दिवसा उष्णता वर, रात्री खाली’ असे धरून चालतात.

एप्रिल-मे महिन्यांत चारी बाजूंना कोरडी रापलेली राने आणि मध्ये नुकतेच भिजवलेले केळी किंवा उसाचे शेत, हे चित्र डोळ्यांसमोर आणा. दुपारनंतर शेजारच्या रानावरून गरम वारा या शेतात शिरतो. ओले पीक त्या वाऱ्यापेक्षा थंड असते. अशा वेळी भर उन्हात शेत हवेला उष्णता देण्याऐवजी हवेकडून घेते व ती उसनी उष्णताही पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. वाळवंटातील पाणथळ बागेत असे घडते म्हणून यास मरुद्यान परिणाम म्हणतात.

वरचाच हिशोब पुन्हा मांडू. जमा १५, जमिनीत १. उपकरण सांगते, हवेशी २ मेगाज्यूलची देवघेव झाली. ती शेताकडून हवेकडे गेली असे धरले तर वाफेसाठी उरतात १२, म्हणजे ४.९ मिलिमीटर. ती हवेकडून शेताकडे आली असेल तर वाफेसाठी मिळतात १६, म्हणजे ६.५ मिलिमीटर. फरक १.६ मिलिमीटरचा, म्हणजे एकरी दररोज सुमारे साडेसहा हजार लिटरचा! आठ दिवसांची पाळी असेल तर पीक किती तहानलेले राहील याचा अंदाज आपणच करावा. ही चूक एका बेरीज-वजाबाकीच्या चिन्हाची आहे. ती टाळण्यासाठी पिकाच्या वर दोन वेगवेगळ्या उंचीवर तापमापक लावतात. खालचा थंड व वरचा गरम असेल तर दिशा खाली आहे हे लगेच कळते. खर्च किरकोळ आहे, पण तो टाळण्याचा मोह होतो.

दाखल्यांवरून शिकणारा संगणक

सिंटिलोमीटर महाग, नाजूक आणि मोजक्याच ठिकाणी असणारे उपकरण आहे. हवामान केंद्रे मात्र पुष्कळ आहेत. मग तापमान, आर्द्रता, वारा, ऊन या नेहमीच्या नोंदींवरून प्रक्षोभाचा जोर ओळखता येईल काय, असा विचार पूर्वीपासून चालू आहे. १९९२ साली इस्राएलमधील सादोत व कोपेइका यांनी असे एक सूत्र दिले. त्यात दिवसाच्या वेळेसाठी त्यांनी घड्याळाचा तास घेतला नाही. सूर्योदय ते सूर्यास्त या काळाचे बारा सारखे भाग केले, म्हणजे उन्हाळ्यात भाग मोठा व हिवाळ्यात लहान. आपल्याकडील प्रहराची कल्पना हीच आहे, आणि जमीन तापण्या-निवण्याला घड्याळापेक्षा प्रहरच जवळचा आहे.

सूत्र माणूस बसवतो. मशीन लर्निंगमध्ये संगणकास हजारो दाखले देतात: अमुक तापमान, अमुक वारा, अमुक ऊन असताना उपकरणाने अमुक प्रक्षोभ मोजला. त्यावरून तो स्वतः नियम बसवतो. त्यातील एक पद्धत समजण्यास सोपी आहे. संगणक प्रश्नांची उतरंड रचतो. जमीन हवेपेक्षा तीन अंशांनी गरम आहे काय? असल्यास वारा मंद आहे काय? मंद असल्यास ढग आहेत काय? अशा प्रश्नांच्या फांद्या फुटत शेवटी उत्तर मिळते, म्हणून तिला निर्णयवृक्ष म्हणतात. एका झाडावर विसंबण्याऐवजी थोड्या-थोड्या वेगळ्या दाखल्यांवर शेकडो झाडे वाढवतात व सर्वांच्या उत्तरांची सरासरी घेतात. गावातल्या एकाच जाणत्याला विचारण्याऐवजी दहा जणांना विचारावे, तसे.

दुसरी पद्धत कृत्रिम चेताजालाची. २०१६ साली वांग व बसू यांनी हवाई बेटांवरील मौना लोआ या ज्वालामुखी पर्वतावरील नोंदींवर ती वापरून नेहमीच्या हवामान नोंदींवरून प्रक्षोभाचा अंदाज करता येतो हे दाखवले. अमेरिकेच्या नौदल अकादमीतील संशोधकांनी ॲनापोलिस येथे सेव्हर्न नदीच्या पाण्यावरून सुमारे ९०० मीटर झोत सोडून निर्णयवृक्षांच्या पद्धतीने असेच काम केले व ते २०२१ च्या सुमारास प्रसिद्ध झाले. या कामांमागचा हेतू शेतीचा नव्हता. दुर्बिणी कोठे उभाराव्यात, प्रकाशाद्वारे संदेश कसे पाठवावेत, हे त्यांचे प्रश्न होते. पण हवा तीच, भोवरे तेच.

येथे दोन गोष्टींकडे लक्ष वेधतो. पहिली, संगणकाची परीक्षा कशी घेतली? सकाळी १० ची नोंद शिकवायला दिली व १० वाजून १० मिनिटांची परीक्षेला ठेवली, तर तो पास होणारच. दहा मिनिटांत हवा बदलते किती? ही परीक्षा नव्हे, शेजाऱ्याची वही पाहून लिहिलेले उत्तर आहे. शिकवण एका हंगामाची व परीक्षा दुसऱ्या हंगामाची, शक्यतो दुसऱ्या गावची, अशी असेल तरच गुणांना अर्थ आहे. दुसरी, शिकवण कोणत्या रानावर झाली? ज्याने नदीच्या पाण्यावरचे किंवा लाव्हाच्या खडकावरचे दाखले पाहिले, त्याला भेगाळलेल्या काळ्या रानाची दुपार ठाऊक नसते. कोरडवाहू रानावर शिकलेल्या संगणकाने भरदुपारी उष्णता खाली जाताना पाहिलेलीच नसते. तो भिजवलेल्या केळीतही ती वर जाते असेच सांगेल, आणि अगदी खात्रीने सांगेल.

पुण्याचे जुने काम

जमिनीलगतच्या हवेचा अभ्यास आपल्याकडे नवा नाही. पुण्यात भारतीय हवामान खात्याचा कृषि हवामान विभाग १९३२ साली सुरू झाला. त्याचे प्रमुख डॉ. एल. ए. रामदास यांनी आत्मनाथन यांच्यासह त्याच वर्षी एक विलक्षण गोष्ट प्रसिद्ध केली. निरभ्र, निवांत रात्री सर्वांत थंड हवा जमिनीला चिकटून नसते, ती काही सेंटिमीटर वर असते. त्या काळी यावर सहज कोणाचा विश्वास बसला नाही, पुढे ते मान्य झाले व त्या थरास ‘रामदास थर’ असे नाव मिळाले. तापलेल्या पृष्ठभागालगतच्या हवेचे तापमान प्रकाशाच्या साहाय्याने मोजण्याचे कामही त्यांनी व परांजपे यांनी १९३० च्या दशकात केले होते. शाळू, द्राक्ष किंवा भाजीपाल्यावर थंडीचा फटका कोठे बसतो हे समजण्यास हे काम आजही वाचण्यासारखे आहे.

फवारणीचा संबंध

प्रक्षोभाचा उपयोग पाण्यापुरता नाही. निरभ्र, वारा पडलेल्या संध्याकाळी व पहाटे जमिनीलगत थंड हवेचा थर बसतो व वर गरम हवा झाकणासारखी असते. अशा वेळी हवा शांत आहे म्हणून फवारणी करण्याचा मोह होतो. पण फवाऱ्याचे बारीक थेंब त्या थरात तरंगत राहतात व हळूहळू सरकत दूरवर जातात. एकाने ज्वारीतील किंवा उसातील तणांवर २,४-डी फवारले आणि शेजारच्या कपाशीची पाने पंजासारखी झाली किंवा द्राक्षाचे शेंडे वाकडे झाले, यावरून बांधावर झालेली भांडणे आपणास ठाऊक असतील. भर दुपारी याच्या उलट होते. प्रक्षोभ जोरात असल्याने थेंब वर उचलले जातात व वाटेतच सुकतात.

सकाळचा शांत क्षण येऊन गेला, म्हणजे थंड थर मोडून हवा वर-खाली होऊ लागली, की झाडाची पाने हलतील इतपत मंद व स्थिर वारा असताना फवारणी करावी. यासाठी उपकरण नको. बांधावर थोडा ओला पालापाचोळा पेटवून धूर पाहावा. धूर थोडा वर जाऊन चादरीसारखा आडवा पसरत असेल तर थांबावे. तो वर चढून विरत असेल तर थर मोडला आहे.

मोबाईलवर मिळणाऱ्या पाण्याच्या सल्ल्याबाबत संबंधितांस तीन प्रश्न जरूर विचारावेत. हा आकडा कोणत्या भागातील व कोणत्या पिकावरील मोजमापांवर बसवला आहे? दुसऱ्या हंगामात तो तपासला आहे काय? आणि भोवतालची राने कोरडी असताना भिजवलेल्या शेतास वेगळा हिशोब लावला आहे काय? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर न मिळाल्यास एप्रिल-मे महिन्यांत त्या आकड्यावर विसंबून पाळी लांबवू नये. मुळांच्या खोलीची माती काढून मुठीत दाबून पाहावी. गोळा होत नसेल तर सल्ल्यात कितीही कमी आकडा असला तरी पाणी द्यावे, आणि सल्ल्याचा आकडा व मातीची स्थिती तारखेसह वहीत लिहून ठेवावी. अशा नोंदी आपल्या जवळच्या कृषि विज्ञान केंद्रात दाखवल्यास आपल्या भागातील आकडे दुरुस्त करण्यास त्यांचा उपयोग होतो.